अकरा टॅब उघडे आणि कोडची एकही ओळ नाही

पत्र: मी फिजिओथेरपिस्ट आहे, वय ३९. प्रॅक्टिस सांभाळून पीएचडी करतेय. गुडघेदुखीच्या रुग्णांची उपचारांआधीची आणि नंतरची मोजमापं घेतलीत, सोबत एक प्रश्नावली आहे. सगळं एक्सेलमध्ये भरून ठेवलंय. गाइड म्हणाले, विश्लेषण 'आर' या प्रोग्रामिंग भाषेत कर. प्रोग्रामिंगशी माझा कधीच संबंध आला नाही. संख्याशास्त्र पदवीला होतं, पास होण्यापुरतं. गेले काही महिने मी फक्त 'नवशिक्यांसाठी आर' असं शोधतेय. ब्राउझरमध्ये अकरा टॅब उघडे आहेत, चार पीडीएफ उतरवून ठेवल्यात, तीन व्हिडिओ मालिका अर्धवट सोडल्यात. प्रत्येक जण वेगळंच काहीतरी शिकवतो. एकात डॉलरचं चिन्ह, दुसऱ्यात चौकोनी कंस, तिसऱ्यात टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये बाण. कृपा करून एकच पुस्तक किंवा एकच कोर्स सांगा, डोळे मिटून तोच करते. की सरळ एसपीएसएस हे सॉफ्टवेअर शिकू?
– टॅबवाली

उत्तर:

प्रिय टॅबवाली,

नाव आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत वाचाल. 'आर फॉर डेटा सायन्स' हे ते पुस्तक. लेखक हॅडली विकहॅम, मिने चेटिन्काया-रुंडेल आणि गॅरेट ग्रोलमंड. दुसरी आवृत्ती घ्या, २०२३ ची. पूर्ण पुस्तक इंटरनेटवर फुकट वाचता येतं. पहिली आवृत्ती २०१७ ची, आणि तीही अजून सगळीकडे फिरत असते. तुमच्या चार पीडीएफांमध्ये ती असेल तर खुशाल काढून टाका.

पण डोळे मिटून नका करू. या पुस्तकात टी-टेस्ट, म्हणजे दोन सरासऱ्यांमधला फरक तपासणारी चाचणी, शोधायला जाल तर सापडणार नाही. फाइल वाचायची कशी, साफ करायची कशी, गट पाडून सरासरी कशी काढायची, आलेख कसा काढायचा हे ते फार छान शिकवतं. कोणती चाचणी कधी लावायची याबद्दल ते बोलतच नाही, कारण तो त्याचा विषय नाही. आणि मला वाटतं तुमच्या अकरा टॅबांचं मूळ इथेच आहे. तुम्हाला दोन गोष्टी शिकायच्या आहेत, पण शोधताय मात्र एकच. संख्याशास्त्र ही एक आणि आर ही दुसरी. दोन्ही एकाच वेळी, एकाच ठिकाणी, सोप्या करून सांगणारं काहीतरी मिळेल या आशेवर माणूस टॅब उघडत राहतो. तसे दावे करणारे कोर्स असतात, पण त्यातले बरेचसे दोन्हीकडे घाई करतात. तिसऱ्या धड्यापर्यंत सरासरी काय असते हे सांगत बसतात आणि चौथ्यात एकदम रिग्रेशन. तुम्ही मालिका अर्धवट सोडल्यात त्यात तुमचा आळस किती आणि त्या मालिकांची घाई किती, हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत म्हणजे काय, ते एका उदाहरणावर दाखवते. उदाहरण मुद्दाम तुमच्या डेटासारखंच निवडलंय.

आरमध्ये सरावासाठी काही डेटासंच आधीपासूनच भरलेले असतात. त्यातला एक आहे 'स्लीप'. नुसतं स्लीप असं लहान अक्षरांत टाइप करून एंटर दाबलं की वीस ओळी समोर येतात. दहा रुग्ण, झोपेची दोन औषधं, आणि प्रत्येक औषधाने प्रत्येकाची झोप किती तासांनी वाढली किंवा घटली त्याचे आकडे. 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिणाऱ्या विल्यम गॉसेटने १९०८ च्या ज्या लेखात आजच्या टी-टेस्टचा पाया घातला, त्यात हेच आकडे वापरले होते. पहिल्या औषधाने झोप सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्याने २.३३ तास.

आता टी-टेस्ट लावा. आरला तुम्ही काहीच वेगळं सांगितलं नाही तर तो समजतो की हे दोन वेगवेगळ्या माणसांचे गट आहेत. उत्तर येतं: पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ०.०७९. रूढ ०.०५ च्या रेषेवर बोट ठेवून बसणारा माणूस म्हणेल, फरक सिद्ध होत नाही. मग त्याच आदेशात 'पेअर्ड' हा एक शब्द 'ट्रू' करा, म्हणजे आरला सांगा की या जोड्या आहेत, दोन्ही औषधं त्याच दहा जणांना दिली होती. आता उत्तर येतं ०.००२८. आकडे तेच, एकही बदललेला नाही. दोन्ही वेळा आरने मुकाट्याने उत्तर दिलं. तो तक्रार करत नाही, इशारा देत नाही, तुमचा अभ्यास काय होता हे विचारत नाही.

तुमचे गुडघे नेमके असेच आहेत. त्याच रुग्णाचं उपचारांआधीचं आणि नंतरचं माप. 'पेअर्ड' लावायचं की नाही हा संख्याशास्त्राचा प्रश्न. ते कुठे आणि कसं लिहायचं हा आरचा प्रश्न. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठलंही मदतपान अर्ध्या मिनिटात देतं. पहिल्याचं उत्तर आरच्या कोर्समध्ये बहुतेक वेळा नसतंच, आणि प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत तुम्हाला विचारतील तो पहिलाच.

म्हणून संख्याशास्त्रासाठी वेगळं पुस्तक घ्या. माझी शिफारस डॅनिएल नवारो यांच्या 'लर्निंग स्टॅटिस्टिक्स विथ आर'ची. तेही फुकट उपलब्ध आहे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलंय, म्हणजे मोजमापं, प्रश्नावल्या, माणसांचे गट ही तुमच्याच ओळखीची दुनिया. वाचकाला गणिताची धास्ती आहे हे गृहीत धरून, गप्पा मारत लिहिलंय. एक अडचण आहे. त्यातला आरचा कोड जुन्या ढंगाचा आहे. म्हणून त्यातून संख्याशास्त्राचा विचार घ्या आणि कोडवरून नजर फिरवून पुढे जा. कोड शिकायचा तो पहिल्या पुस्तकातून. अधिक रीतसर पाठ्यपुस्तक आवडत असेल तर 'ओपनइंट्रो स्टॅटिस्टिक्स' आहे, त्याचीही पीडीएफ फुकट मिळते. पण दोन्ही एकदम उघडू नका, नाहीतर टॅब तेरा होतील.

आता डॉलर, कंस आणि बाण. तीनही मालिका तुम्हाला वेगळं शिकवत होत्या हे खरं, आणि तीनही बरोबर होत्या हेही खरं. आरचा वंश जुना आहे. १९७६ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एस' नावाची भाषा तयार केली. तिच्या धर्तीवर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर लिहायला घेतली. १.०.० ही आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० रोजी. सुरुवातीपासून ती संशोधकांनी संशोधकांसाठी बनवलेली, खुली आणि फुकट. त्यामुळे ज्याला जे हवं ते त्याने पॅकेज म्हणून जोडलं. 'क्रॅन' या अधिकृत भांडारात आज वीस हजारांहून जास्त पॅकेजं आहेत. कुणा एकाच्या हुकमावर न चालणाऱ्या गोष्टीत एकच काम करायच्या पाच पद्धती तयार होतात, तसं इथे झालं.

व्यवहारात मात्र दोनच बोली महत्त्वाच्या. एक मूळ आरची. तिच्यात तक्त्यातला स्तंभ डॉलरच्या चिन्हाने उचलतात आणि ओळी चौकोनी कंसाने. दुसरी 'टायडीव्हर्स' या पॅकेजसमूहाची. तिच्यात 'फिल्टर', 'सिलेक्ट', 'समराइज' अशी क्रियापदं एकापुढे एक जोडत जातात आणि जोडायला ते टक्क्यांमधलं चिन्ह वापरतात. त्याला पाइप म्हणतात. २०२१ मध्ये आर ४.१.० पासून आरने स्वतःचाच पाइप आणला, उभी रेघ आणि तिच्यापुढे मोठं असल्याचं चिन्ह. मी सांगितलेल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती हाच नवा पाइप वापरते. तुम्ही टायडीव्हर्स बोलायला शिका आणि मूळ आर ऐकून समजण्यापुरती ठेवा. उलट क्रमाने शिकावं असं ठामपणे म्हणणारे जाणकार आहेत आणि त्यांचा मुद्दा पोकळ नाही. मूळ आर येत असेल तर पाया पक्का होतो, पॅकेज बदललं तरी अडत नाही. पण तुमच्यासमोर एक्सेलची फाइल आहे आणि प्रबंध आहे. आधी आलेख निघू दे.

एखादं साधन जुनं आहे की नाही हे पानावरच्या तारखेवरून ओळखायला जाऊ नका. जुनाच मजकूर नव्या तारखेने चढवलेला सर्रास दिसतो. कोडच वय सांगतो. 'स्ट्रिंग्जअ‍ॅजफॅक्टर्स' ला 'फॉल्स' करा, असं फाइल वाचताना दरवेळी बजावलेलं दिसलं तर ते साधन बहुधा २०२० आधीचं. आर ४.० पासून तेच आपोआप होतं. तक्ता उभा-आडवा करायला 'गॅदर' आणि 'स्प्रेड' शिकवत असतील तर तेही जुनं, आता त्या जागी 'पिव्हट लाँगर' आणि 'पिव्हट वायडर' आहेत. पहिल्याच पानावर 'अटॅच' वापरायला सांगणाऱ्यापासून तर लांबच राहा. त्याने स्तंभांची नावं मोकळी सुटतात आणि पुढे कोणतं नाव कुठल्या तक्त्यातलं हे कळेनासं होतं.

याचा फटका प्रत्यक्ष कसा बसतो? वरचंच स्लीपचं उदाहरण घ्या. कित्येक जुन्या धड्यांमध्ये ते लाटेच्या चिन्हाचं सूत्र वापरून लिहिलेलं असतं, म्हणजे वाढीव झोप, मग लाट, मग गट, आणि शेवटी पेअर्ड. आरच्या अलीकडच्या आवृत्त्यांनी सूत्रासोबत पेअर्ड वापरायला सरळ बंदी घातली आहे. धडा जसाच्या तसा टाइप केलात तरी एरर येणार. नवशिकी व्यक्ती अशा वेळी तासभर स्वतःचे कंस तपासत बसते. तुमच्या कामाला ही अडचण नाही, कारण एक्सेलमध्ये 'आधी' आणि 'नंतर' असे दोन स्तंभ तुमच्याकडे असणारच. ते दोन स्तंभ स्वल्पविराम देऊन टी-टेस्टला द्यायचे आणि पेअर्ड ट्रू करायचं. हे जुन्या-नव्या दोन्हीकडे चालतं. आलेख काढायला मात्र तोच डेटा उंच करावा लागेल, म्हणजे प्रत्येक रुग्णाच्या दोन ओळी, एक आधीची आणि एक नंतरची. पिव्हट लाँगर त्यासाठीच आहे. पुस्तकात डेटा नीटनेटका करण्याचं प्रकरण येईल तेव्हा ही गोष्ट आठवा आणि लेखकांचं उदाहरण सोडून आपलीच फाइल घ्या.

पण पहिल्या दिवशी पुस्तक उघडू नका. आधी आर बसवा, मग आरस्टुडिओ. क्रम महत्त्वाचा आहे, कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आर हे गणित करणारं इंजिन, आरस्टुडिओ ही त्यावर बसून काम करायची खिडकी. नुसतं आरस्टुडिओ बसवून 'काहीच चालत नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात. लॅपटॉपवर बसवायची परवानगी नसेल किंवा बसवताना काही अडलं तर पॉझिट क्लाउड आहे, ब्राउझरमध्येच आरस्टुडिओ चालतं. पॉझिट म्हणजे पूर्वीची आरस्टुडिओ कंपनीच, २०२२ मध्ये नाव बदललं. जुन्या साधनांमध्ये जुनं नाव दिसेल, गोंधळू नका.

मग 'स्वर्ल' नावाचं पॅकेज बसवा. हे मला नवशिक्यांसाठी फार आवडतं, आणि का कोण जाणे, व्हिडिओंच्या गर्दीत त्याचं नाव मागे पडतं. ते आरच्या आतच शिकवतं. कन्सोलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करायच्या चौकटीत, ते प्रश्न विचारतं, तुम्ही तिथेच उत्तर टाइप करता, चुकलं तर सुचवतं आणि पुन्हा विचारतं. त्यातला 'आर प्रोग्रामिंग' हा कोर्स घ्या आणि पहिले चार-पाच धडे करा, 'मिसिंग व्हॅल्यूज'पर्यंत. सगळा कोर्स संपवायची गरज नाही. हातांना टायपिंगची सवय झाली, लहान-मोठी अक्षरं आरला वेगळी वाटतात हे एकदा नडून कळलं, की ते बंद करा आणि पुस्तकाकडे वळा.

पुस्तकाचीही पहिली आठच प्रकरणं सलग करा. लेखकांनीच तो भाग पूर्ण खेळाची एक झलक म्हणून बांधलाय: आलेख, डेटाची फेरफार, तक्ता नीट करणं, फाइल वाचणं. सुरुवात थेट आलेखाने होते, पेंग्विनांच्या मोजमापांवर, आणि हे मला योग्य वाटतं. माणसाला पहिल्या बैठकीत काहीतरी दिसलं पाहिजे. आठ प्रकरणांनंतर उडी मारून 'स्प्रेडशीट्स' हे प्रकरण वाचा, कारण तुमचा डेटा एक्सेलमध्ये आहे. आणि प्रश्नावलीतल्या 'पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ' अशा उत्तरांसाठी 'फॅक्टर्स' वाचा. ते न वाचता आलेख काढलात तर उत्तरं वर्णानुक्रमे लागतील आणि 'तटस्थ' भलतीकडेच जाऊन बसेल. बाकीची प्रकरणं गरज पडेल तशी.

वाचताना कोड कॉपी-पेस्ट करू नका, टाइप करा. कंटाळवाणं आहे, पण चुका टायपिंगमध्येच होतात आणि शिकणं त्या चुकांमध्येच होतं. टाइप करायचं तेही कन्सोलमध्ये नाही, स्क्रिप्ट फाइलमध्ये. तिथून कंट्रोल आणि एंटर दाबून ओळ पाठवायची. सहा महिन्यांनी गाइड विचारतील की हा आकडा कुठून आला, तेव्हा ती स्क्रिप्टच उत्तर देईल.

पहिल्या आठवड्यात एक प्रसंग हमखास येईल, तो आत्ताच सांगून ठेवते. कन्सोलमध्ये नेहमी दिसणाऱ्या बाणाच्या टोकाऐवजी अधिकचं चिन्ह दिसायला लागेल, आणि तुम्ही काहीही टाइप केलंत तरी ते चिन्ह पुन्हा येत राहील. आर बिघडलेला नाही. तुमचा एखादा कंस किंवा अवतरणचिन्ह बंद व्हायचं राहिलंय आणि तो वाक्य पूर्ण होण्याची वाट बघतोय. एस्केप दाबा, बाण परत येईल. सुरुवातीच्या बाकीच्या एररही मोजक्याच असतात. 'कुड नॉट फाइंड फंक्शन' म्हणजे नाव चुकलंय किंवा पॅकेज 'लायब्ररी'ने उघडलेलं नाही. पॅकेज बसवायचं एकदा, उघडायचं मात्र दर वेळी. 'ऑब्जेक्ट नॉट फाउंड' म्हणजे बहुतेकदा स्पेलिंग, किंवा ते ऑब्जेक्ट बनवणारी वरची ओळ चालवायची राहिली.

आता एक साधन, जे तुमच्या अकरा टॅबांमध्ये बहुधा नसेल, कारण ते आरच्या पोटातच आहे. कुठल्याही फंक्शनच्या नावाआधी प्रश्नचिन्ह टाकून एंटर दाबा, त्याचं मदतपान उघडतं. ही पानं नवशिक्यांसाठी लिहिलेली नाहीत. वरून वाचायला घेतलंत तर दुसऱ्या परिच्छेदात मन उडेल. म्हणून थेट तळाशी जा. तिथे 'एक्झाम्पल्स' असतात, ती चालवून बघा, मग वर येऊन 'आर्ग्युमेंट्स' वाचा, बाकीचं सोडून द्या.

हे करून बघायला 'एअरक्वालिटी' हा डेटासंच घ्या. न्यूयॉर्कमधल्या १९७३ च्या मे ते सप्टेंबर या महिन्यांतल्या हवेच्या रोजच्या नोंदी, १५३ ओळी. त्यातल्या ओझोनची सरासरी 'मीन' लावून काढा. ओझोनचं पहिलं अक्षर मोठं. उत्तर आकडा नसेल, 'एनए' येईल. कारण त्या स्तंभात ३७ दिवसांच्या नोंदीच नाहीत, आणि ज्यातला एक जरी आकडा माहीत नसेल त्याची सरासरी माहीत आहे असं सांगायला आर तयार नाही. आता मीनचं मदतपान उघडा. आर्ग्युमेंट्समध्ये 'एनए डॉट आरएम' सापडेल. ते ट्रू केलं की ४२.१३ येतं.

इथेच न थांबता जरा विचार करा, कारण तुमच्या डेटातही रिकाम्या जागा असणार. नंतरच्या मापाला न आलेले रुग्ण असतीलच. एनए डॉट आरएम त्यांना गुपचूप बाजूला ठेवतं. पण ते का आले नाहीत? बरं वाटलं म्हणून आले नाहीत की काहीच फरक पडला नाही म्हणून? दोन्हींचा निष्कर्षावर एकमेकांच्या उलट परिणाम होतो. आकडा मिळवून देणं हे आरचं काम झालं, पुढचं नवारोंच्या पुस्तकाचं आणि तुमच्या गाइडचं.

व्हिडिओंबद्दल थोडक्यात. एखादी गोष्ट स्क्रीनवर कुठे दाबायची हे बघायला ते उत्तम. शिकायला मुख्य आधार म्हणून नाहीत, कारण बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि व्हिडिओत पुन्हा शोधता येत नाही. पॉझिटच्या चीटशीट, म्हणजे आदेशांची सारांशपत्रं, छान आहेत, पण त्या आठवण करून देण्यासाठी असतात, शिकण्यासाठी नाही. आधी त्या छापून भिंतीवर लावायच्या फंदात पडू नका.

एआय चॅटबॉटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वापरत असालच. एररचा अर्थ विचारायला, किंवा कुणाचा तरी कोड ओळीओळीने समजावून घ्यायला ते फार उपयोगी पडतात. माझ्यासाठी कोड लिहून दे, असं पहिले काही महिने तरी म्हणू नका. ते अस्तित्वात नसलेलं फंक्शनही ठामपणे सुचवू शकतात. ते पकडता येतं, कारण एरर येते. पेअर्ड लावायचं राहिलं तर एरर येत नाही, आणि ते ओळखण्याइतकं तुम्हाला स्वतःला आल्याशिवाय त्यांच्यावर सोपवणं धोक्याचं. शिवाय रुग्णांचा डेटा तिथे चिकटवू नका, नावं काढून टाकली असली तरी. वय, गाव, ऑपरेशनची तारीख यांवरूनही माणूस ओळखू येतो, आणि तुमच्या एथिक्स कमिटीला दिलेल्या आश्वासनात हे बसणार नाही.

राहिला एसपीएसएस. ते १९६८ पासूनचं, मेन्यूवर चालणारं, वैद्यकीय आणि सामाजिक संशोधनात रुजलेलं सॉफ्टवेअर आहे. त्यात काम करणाऱ्यांना कमी लेखणारे आरवाले असतात, त्यांचं ऐकू नका. पण ते विकत घ्यावं लागतं, आणि संस्थेचं लायसन्स संस्थेपुरतंच असतं. तुम्हाला मेन्यू हवेच असतील तर 'जमोवी' बघा. फुकट आहे, आतून आरवरच चालतं, आणि त्यात एक सोय अशी की तुम्ही माउसने केलेल्या विश्लेषणाचा आर-कोड ते दाखवू शकतं. नवारोंच्या पुस्तकाची जमोवीसाठी केलेली आवृत्तीही फुकट मिळते. प्रबंध जमा करायची तारीख तोंडावर आली असेल तर मी म्हणेन, विश्लेषण जमोवीत उरका, गाइडना तसं स्पष्ट सांगा, आणि आर मागून शिका. वर्षभर हातात असेल तर आरच. तुमची प्रश्नावली पुढच्या अभ्यासात पुन्हा वापरणार असाल तेव्हा तीच स्क्रिप्ट नव्या फाइलवर चालवता येईल, फायदा तिथे आहे.

शेवटी मदत मागण्याबद्दल, कारण अडणार आहातच. विचारण्याआधी एररचा मजकूर जसाच्या तसा शोधा, फक्त त्यातली तुमची स्वतःची नावं काढून, म्हणजे स्तंभाचं नाव, फाइलचं नाव. नुसतं 'आर' हे एकच अक्षर शोधात टाकून काही हाती लागत नाही, सोबत पॅकेजचं नाव टाका. तरी सुटलं नाही तर तीच अडचण स्लीप किंवा एअरक्वालिटीवर उभी करता येते का बघा. समोरच्याच्या आरमध्येही ते डेटासंच असतात, तो लगेच चालवून बघू शकतो आणि तुमच्या रुग्णांची माहिती कुठे जात नाही. पुष्कळदा असं होतं की स्लीपवर तोच कोड व्यवस्थित चालतो. म्हणजे घोळ कोडमध्ये नाही, तुमच्या एक्सेलमध्ये आहे. आकड्यांच्या स्तंभात कुणीतरी 'आले नाहीत' असं लिहून ठेवलेलं असतं आणि तो अख्खा स्तंभ आरने मजकूर म्हणून वाचलेला असतो. ती शक्यता मी तुमच्या बाबतीत आत्ताच बरीच धरून चालते आहे.

मला पुन्हा लिहायचं झालं तर कोड आणि एररचा पूर्ण मजकूर टाइप करून पाठवा. मोबाइलवरून काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो नको. आणि आरची कुठली आवृत्ती आहे तेही लिहा, आर उघडताना पहिल्याच ओळीत ती दिसते.